घोट्यापाशी थांबणारी चरबी

डॉक्टर, त्या बाईच्या पायाला आधी हात लावा.

वजन नंतर करा. बीएमआय काढायला कॅल्क्युलेटरवर दोन बटणं दाबावी लागतात, त्याची घाई नाही. सलवार गुडघ्यापर्यंत वर घ्यायला सांगा आणि नीट बघा. दोन्ही पाय सारखेच जाड आहेत का? जाडी मांडीपासून उतरत येऊन घोट्यापाशी एकदम थांबते का, आणि खालचं पाऊल मात्र सडपातळच राहिलंय का? पोटरी हलकेच दाबली तरी तिला दुखतं का? कुठं आपटल्याचं आठवत नसताना नडगीवर काळंनिळं पडतं का? हे सगळं वयात येताना, बाळंतपणात किंवा पाळी जाताना सुरू झालं किंवा वाढलं का? आईचे, मावशीचे, आजीचे पाय असेच होते का?

या प्रश्नांची उत्तरं ‘हो’ अशी येत गेली, तर समोरच्या बाईला लिपिडीमा असण्याची दाट शक्यता आहे. हा त्वचेखालच्या चरबीचा आजार आहे. जवळजवळ फक्त बायकांना होतो, बऱ्याचदा घराण्यात चालत येतो, आणि दुखतो. बहुतेक ओपीडीत मात्र हे प्रश्न विचारले जात नाहीत. बाई काट्यावर उभी राहते, आकडा दिसतो, आणि चिठ्ठीवर लिहिलं जातं: वजन कमी करा. ती करते. रात्रीचं जेवण सोडते, पहाटे चालायला जाते. गाल बसतात, गळ्याची हाडं दिसायला लागतात, ब्लाउज सैल होतो, पण पायांत तेवढा फरक पडत नाही आणि दुखणं तर तसंच राहतं. पुढच्या खेपेला तिला ऐकवलं जातं की डाएट नीट होत नसेल. तिचा शब्द खोटा धरला जातो, तोही तपासणी न करता. माझा राग आहे तो यावर.

आजार नवा असता तर डॉक्टरांना दोष देता आला नसता. पण तो १९४० पासून नोंदलेला आहे. अमेरिकेत मिनेसोटातल्या मेयो क्लिनिकमध्ये एडगर ॲलन आणि एडगर हाइन्स या दोघांनी त्याचं पहिलं वर्णन छापलं. १९५१ मध्ये वोल्ड यांना सोबत घेऊन त्यांनी ११९ रुग्णांचा अभ्यास मांडला आणि ओळखायच्या खुणा लिहून दिल्या. दोन्ही बाजूंना सारखी जाडी, पाऊल जवळपास मोकळं, बोटानं दाबल्यावर खड्डा फारसा पडत नाही, दुखतं, सहज काळंनिळं होतं, पाय उंच ठेवून किंवा वजन उतरवूनही जाडी टिकून राहते. आजही जगभरचे डॉक्टर निदान करतात ते थोड्याफार फरकानं याच खुणांवर.

ॲलन हे नाव आपल्याकडच्या प्रत्येक एमबीबीएसच्या विद्यार्थ्याला माहीत असतं. मनगटातल्या दोन धमन्या दाबून हाताचा रक्तपुरवठा तपासायची ‘ॲलन टेस्ट’ ती त्यांचीच, १९२९ सालची. तोंडी परीक्षेत ती विचारतात, वॉर्डात करून दाखवायला लावतात. त्याच माणसानं अकरा वर्षांनी लिहून ठेवलेला बायकांच्या पायांचा आजार मात्र किती अध्यापकांनी वर्गात शिकवलाय? धमनी दाबायला शिकवता, तर पोटरी दाबायलाही शिकवा.

आता बीएमआयचं बघू. हे सूत्र एका बेल्जियन गणितज्ञाचं. अडॉल्फ केतले आकाशातले तारे आणि माणसांच्या सरासऱ्या या दोन्हींत रमणारा होता. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यानं लोकसंख्येच्या अभ्यासासाठी वजन आणि उंचीचा हा संबंध मांडला. ‘बॉडी मास इंडेक्स’ हे नाव दिलं ॲन्सेल कीज यांनी, १९७२ मध्ये. मोठ्या समूहाचा अंदाज घ्यायला तो उपयोगी आहे, याबद्दल माझी तक्रार नाही. पण चरबी शरीरात कुठं आहे हे त्याला कळत नाही, आणि लिपिडीमात नेमकं तेच कळायला हवं असतं.

हा धडा जगाला पुण्यानं दिलाय. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभे असलेला फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापला. दोघांचाही बीएमआय २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. काट्यावर दोघं सारखेच, आतून मात्र वेगळे. भारतीय माणूस सडपातळ दिसूनही पोटात चरबी घेऊन फिरतो आणि लवकर मधुमेही होतो, हे त्या एका फोटोनं डॉक्टरांच्या डोक्यात बसलं. आज पुण्या-मुंबईत मधुमेहाचा बरा डॉक्टर टेप काढून कंबर मोजतो, त्यामागे ही कामगिरी आहे.

तर मग तोच टेप उलट्या बाजूनंही वापरा. याज्ञिकांच्या फोटोत बीएमआय कमी आणि धोका जास्त होता. लिपिडीमाच्या कित्येक बायकांत बीएमआय तिशीच्या पुढं असतो, पण कंबर त्या मानानं बारीक, आणि मधुमेहाचं प्रमाण त्या बीएमआयच्या इतर बायकांपेक्षा कमी आढळतं. मांडीतली चरबी आणि यकृताभोवतीची चरबी शरीरात एकच काम करत नाहीत. काटा दोन्हींना एकाच मापानं मोजतो. म्हणून जर्मनीच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेनं बीएमआयच्या जोडीला कंबरेच्या घेराचं उंचीशी प्रमाण बघायला सांगितलं. त्याच मार्गदर्शिकेनं आणखी एक ठाम रेघ ओढली. दुखणं किंवा तत्सम त्रास नसेल, तर नुसत्या जाड पायांना लिपिडीमा म्हणायचं नाही.

ही रेघ मला फार महत्त्वाची वाटते. कारण दुसऱ्या बाजूलाही गोंधळ सुरू झालाय. फोनच्या पडद्यावर कुणीतरी पाय दाखवतं आणि खाली शेकडो मुली लिहितात, मलाही हाच आजार आहे. त्यामागोमाग चरबी काढून देणाऱ्या दवाखान्यांच्या जाहिराती येतात. आपल्याकडच्या कितीतरी बायकांची शरीरं घराण्यानंच मांड्या-नितंबांत भरलेली असतात. त्या मांड्या दुखत नाहीत, सुजत नाहीत, त्या बायकांचं काहीही बिघडलेलं नाही. त्यांना आजारी ठरवून शस्त्रक्रियेच्या टेबलावर नेणं हा गुन्हा आहे. दुखणाऱ्या बाईला खोटं पाडणं जितकं वाईट, तितकंच न दुखणाऱ्या बाईला आजार चिकटवणं वाईट.

आजार किती जणींना आहे, याची उत्तरं बघा. ब्रिटनमधल्या एका गटानं २०१० मध्ये तज्ज्ञांकडे पाठवल्या गेलेल्या रुग्णांवरून किमान आकडा काढला: ७२,००० माणसांत एक. ब्राझीलमधल्या एका गटानं २०२२ मध्ये प्रश्नावली भरून घेऊन काढला: बायकांमध्ये १२.३ टक्के, म्हणजे आठ बायकांमागे एक. एकाच आजाराच्या दोन आकड्यांत हजारो पटींचा फरक. एका ठिकाणी मोजल्या गेल्या तज्ज्ञांपर्यंत पोचलेल्याच बायका, दुसरीकडे मोजल्या गेल्या प्रश्नावलीत ठराविक उत्तरं देणाऱ्या. आजाराची सीमारेषाच जर प्रत्येक गट वेगळी आखत असेल, तर आकडे जुळणार कसे?

संशोधनाचं खरं दुखणं इथंच आहे. लिपिडीमा पक्का करणारी रक्ताची तपासणी नाही, स्कॅन नाही. जी काही नवी चाचणी शोधली जाते, ती पडताळायची कशाशी? डॉक्टरच्या डोळ्याशी आणि हाताशी. डॉक्टरनं ज्यांना लिपिडीमा म्हटलं त्या बायका एका गटात, आणि तुलनेला दुसरा गट. त्या दुसऱ्या गटात बारीक बायका घेतल्या, तर कुठलंही यंत्र फरक दाखवणारच. जाड पाय आणि बारीक पाय यांतला फरक सांगायला यंत्र कशाला हवं? पाहिजे ती तुलना तितक्याच वजनाच्या, तितक्याच भरलेल्या मांड्यांच्या, पण दुखत नसलेल्या बायकांशी. अशी तुलना न केलेले कितीतरी शोधनिबंध ‘निदानाचं नवं साधन’ म्हणून मिरवतात. वाचणाऱ्यानं आधी तुलनेचा गट कसा निवडलाय ते बघावं.

तरीही काही कामं उमेद वाढवणारी आहेत. अमेरिकेत व्हँडरबिल्ट विद्यापीठातल्या गटानं २०१८ मध्ये सोडियम टिपणारा खास एमआरआय वापरून दाखवलं, की लिपिडीमाच्या बायकांच्या त्वचेत आणि त्वचेखालच्या चरबीत सोडियम जास्त साठलेलं असतं. चरबीच्या ऊतीत काहीतरी वेगळं घडतंय, याचा तो चांगला पुरावा. पण असा एमआरआय मोठ्या संशोधन संस्थांतच होतो, जिल्हा रुग्णालयात तो येण्याची वाट बघत बसण्यात अर्थ नाही. २०२० मध्ये रक्तातल्या अतिसूक्ष्म पुटिकांमधलं प्लेटलेट फॅक्टर ४ हे प्रथिन खूण म्हणून पुढं आलं. त्याच वर्षी इटलीतल्या एका कुटुंबात एकेआर१सी१ या जनुकातला बदल सापडला. एका घराण्याचं जनुक ही मात्र सगळ्यांची चाचणी होऊ शकत नाही. तो धागा कुठं जातो ते बघत राहायचं.

जास्त उपयोगाची यंत्रं आपल्याजवळ आधीपासून आहेत. डेक्सा घ्या. हाडं ठिसूळ झालीत का हे बघायला शहराशहरांत डेक्सा बसवलाय. सगळ्या शरीराची चरबी कुठं किती हेही तो दाखवू शकतो. स्वित्झर्लंडमध्ये लोझानच्या डॉक्टरांनी त्यावर पायांतली चरबी भागिले एकूण चरबी असं प्रमाण तपासलं आणि सुमारे ०.३८ च्या वर गेलं तर संशय घ्यावा असं सुचवलं. साओ पावलोतल्या गटानं साध्या सोनोग्राफीनं त्वचा आणि चरबीची जाडी मोजली. नडगीच्या पुढच्या बाजूला ११.७ मिलिमीटर ही त्यांची सीमा. सोनोग्राफी तर तालुक्यालाही आहे.

पण हे आकडे उचलून जसेच्या तसे नाशिकला, सोलापूरला लावू नका. याज्ञिक-युडकिनचा फोटो पुन्हा काढून बघा. इथल्या बायकांची उंची, हाडं, चरबीची जडणघडण वेगळी आहे. ब्राझीलची सीमा इथं लावली तर खऱ्या रुग्ण सुटतील किंवा चांगल्या बायका अडकतील. इथल्या सीमा इथं मोजून ठरवाव्या लागतील, आणि ते काम अवघड नाही.

मला सगळ्यात आवडलेलं काम कोलोनचं. तिथल्या गटानं लठ्ठ नसलेल्या लिपिडीमाच्या बायका निवडल्या आणि त्यांच्याशी वजनानं जुळणाऱ्या निरोगी बायका. लठ्ठपणाचा मुद्दाच त्यांनी बाजूला काढून टाकला. मग मांडीवर ठराविक दाब दिला, कंपन दिलं, आणि कधी दुखतं, कधी जाणवतं हे नोंदवलं. लिपिडीमाच्या बायकांना मांडीवर कमी दाबातच दुखत होतं आणि कंपन मात्र उशिरा जाणवत होतं. हातावर तसं काही नव्हतं. म्हणजे ही बाई एकूण नाजूक आहे, कुरकुरी आहे, असं म्हणायला जागा राहिली नाही. दुखणं मांडीतच आहे आणि ते मोजता येतं. गट लहान होता, मोठ्या गटांत हे पुन्हा करून बघायला हवं. पण रुग्ण जे वर्षानुवर्षं सांगत होत्या तेच मोजायला घेतलं, ही त्यातली मोलाची गोष्ट.

वजन कमी करण्याबद्दलही सरळ बोलायला हवं. लिपिडीमाच्या मंडळींत एक वाक्य फार फिरतं, की डाएटनं या चरबीला काहीच होत नाही. हे पूर्ण खरं नाही. सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी लठ्ठपणा आणि लिपिडीमा दोन्ही असलेल्या बायकांचं वजन सुमारे ९ टक्के उतरवलं. इन्शुलिनला शरीराचा प्रतिसाद सुधारला, पायांतली चरबीसुद्धा कमी झाली. पण मांडीतल्या चरबीच्या ऊतीतली दाहाची चिन्हं होती तशीच राहिली. नॉर्वेत आठ आठवड्यांच्या अभ्यासात तितक्याच कॅलरींचे दोन आहार दिले. कमी कर्बोदकांच्या आहारावर असलेल्यांचं दुखणं कमी झालं, दुसऱ्या गटात तसं झालं नाही. हे दोन्ही निष्कर्ष एकत्र वाचा. वजन उतरवणं फायद्याचं आहे, ते सांगायलाच हवं. पण वजन आणि वेदना एकाच दोरीला बांधलेल्या नाहीत. वजन उतरलं तरी दुखणाऱ्या बाईला ‘अजून दहा किलो’ हा उपचार पुरत नाही. लठ्ठपणा आणि लिपिडीमा एकाच बाईत दोन्ही असू शकतात, बऱ्याचदा असतात. तेव्हा दोन निदानं लिहा आणि दोन्हींवर उपचार करा.

निदानाला नाव आणि क्रमांक मिळाला की पैशाचे निर्णय बदलतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या यादीत, जी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली, लिपिडीमाला स्वतःचा क्रमांक आहे, आणि तो लठ्ठपणाच्या पानावर नसून त्वचेखालच्या चरबीच्या विकारांत आहे. आधीच्या दहाव्या यादीत असा स्वतंत्र क्रमांक नव्हता. ब्रिटनच्या नाइस या संस्थेनं २०२२ मध्ये सांगितलं, की लिपिडीमासाठी लायपोसक्शन, म्हणजे चरबी शोषून काढायची शस्त्रक्रिया, फक्त संशोधनाचा भाग म्हणून करा. जर्मनीनं वेगळी वाट धरली. आजाराच्या तिसऱ्या, म्हणजे सगळ्यात पुढच्या टप्प्यातल्या रुग्णांना २०२० पासून सरकारी विम्यातून शस्त्रक्रिया दिली, सोबत लिपलेग नावाची मोठी तुलनात्मक चाचणी चालवली, आणि तिचे निष्कर्ष हाती आल्यावर जुलै २०२५ मध्ये सगळ्या टप्प्यांसाठी दार उघडलं, अटी घालून. आधी अनेक महिने घट्ट मोजे आणि व्यायाम, वजनाची मर्यादा, कंबर-उंचीचं प्रमाण हे सगळं बघूनच.

दोन्ही देशांनी किमान पुराव्याच्या भाषेत वाद घातला. आपल्याकडं लायपोसक्शन म्हटलं की विम्याच्या कागदावर मारायला ‘कॉस्मेटिक’ हा शिक्का तयारच असतो. दुखणाऱ्या पायांनी कंडक्टरची ड्युटी करणारी, दिवसभर साडीच्या दुकानात उभी राहणारी, भातलावणीत वाकणारी बाई सौंदर्य मागायला आलेली नाही. तिला आधी निदान द्या, मग नीट मापाचे कॉम्प्रेशन मोजे द्या. आणि हो, नागपूरच्या मे महिन्यात ते मोजे घालून दाखवा आणि मग सांगा की रुग्ण सहकार्य करत नाही.

विदर्भाचं नाव निघालंच आहे, तर तिथली अडचण वेगळी आणि जास्त गंभीर आहे. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, नागपूर, वर्धा हा हत्तीरोगाचा पट्टा. क्युलेक्स डास चावून वुचेरेरिया बॅनक्रॉफ्टी हा जंत शरीरात शिरतो, लसीकावाहिन्या (लिम्फच्या नळ्या) बिघडतात, पाय सुजतो. तिथं बाईचा पाय जाड दिसला की पहिला संशय हत्तीपायाचा, आणि तो बरोबरच आहे. अडचण पुढं येते. रात्री बाराच्या सुमाराला काढलेल्या रक्तात जंतांची पिल्लं सापडली नाहीत, पट्टीवरची तपासणीही निगेटिव्ह आली, म्हणून हत्तीरोग नाही असं म्हणता येत नाही. जुन्या हत्तीपायात जंत मरून गेलेले असतात आणि सूज मागं राहते. रक्तावरून उत्तर न मिळाल्यानं मग बाई कुठल्याच यादीत नीट बसत नाही.

इथं पायच उत्तर देतो. हत्तीपायात पावलाची वरची बाजू फुगते, बोटं जाड होतात, बऱ्याचदा एक पाय दुसऱ्याहून मोठा असतो. लिपिडीमात पाऊल मोकळं आणि दोन्ही पाय सारखे. स्ट्रासबर्गचे डॉक्टर रोबेर स्टेमर यांनी १९७६ मध्ये सांगितलेली खूण तर कुठल्याही झोपडीत करता येते. पायाच्या दुसऱ्या बोटाच्या मुळाशी वरची कातडी चिमटीत धरायची. धरता आली नाही तर लसीकेची सूज आहे. सहज धरता आली तर लिपिडीमाचा विचार करायचा. ही खूण शंभर टक्के बरोबर येत नाही. लसीकेची सूज नवी असेल तर कातडी धरता येते, आणि फार जुन्या लिपिडीमात लसीकेचा बिघाड मागून येऊन मिळू शकतो. तरी एका चिमटीत एवढी माहिती देणारी दुसरी तपासणी नाही.

हत्तीरोग दुरीकरणाच्या कामात गावोगावच्या सुजलेल्या पायांच्या याद्या तयार होतात, रुग्णांना टब, मग, साबण, टॉवेल, मलम देऊन पायाची निगा शिकवली जाते. देशानं २०२७ पर्यंत हत्तीरोग संपवायचं ठरवलंय, म्हणजे सध्या या याद्यांवर लक्ष आहे, माणसं आहेत, पैसा आहे. शिवाय सेवाग्रामला हत्तीरोगावरच्या संशोधनाची जुनी परंपरा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनंही पाचव्या फेरीत पहिल्यांदा कंबर आणि नितंब मोजले. देशात बीएमआय २५ च्या वर असलेल्या बायका २४ टक्के निघाल्या, आणि कंबर-नितंबाचं प्रमाण धोक्याच्या वर असलेल्या ५६.७ टक्के. टेप घेऊन घरोघरी जाणं आपल्याला जमतं, हे त्यातून सिद्ध झालंय.

तेव्हा आरोग्य खात्याकडे मागणी अशी. सुजलेल्या पायांच्या यादीत दोन रकाने वाढवा: पाऊल सुजलंय की मोकळं, आणि दाबल्यावर दुखतं की नाही. पाऊल मोकळं आणि पाय दुखरे, अशा बायकांना उपजिल्हा रुग्णालयात बोलवा. कंबर मोजा, सोनोग्राफीनं नडगीवरची जाडी मोजा, दाब देऊन वेदना नोंदवा. त्याच गावांतल्या, त्याच बीएमआयच्या, पण पाय न दुखणाऱ्या बायकांचीही तीच मापं घ्या. मापं घेणाऱ्या माणसाला कोण कुठल्या गटातली हे सांगू नका. वैद्यकीय महाविद्यालयात एमडीच्या प्रबंधाला विषय लागतो, तो हा द्या. हत्तीरोगासाठीची यादी, सोनोग्राफीचं यंत्र, मोजपट्टी आणि आशाताई हे सगळं जागेवर आहे. नवीन लागेल तो दाब मोजायचा छोटा अल्गोमीटर, आणि तो वापरायला शिकवणारं एक दुपारचं प्रशिक्षण.